बी.एजी. ते बी.एस्सी. (ऑनर्स): पुण्याच्या शेतकी कॉलेजची पदवी कशी घडत गेली

बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. मी कृषी पदवीधर, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक पोराच्या प्रवेशाची चौकशी माझ्याकडे येते. यंदा धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, पोरगी बीएस्सी अ‍ॅग्रीला जाते म्हणतेय. ते नेमकं असतं काय? शेतीच करायची तर चार वर्षं कॉलेजात कशाला? आणि आता म्हणे एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं. मग पदवीला अर्थ काय राहिला?"

फोनवर मी त्याला जमेल तसं सांगितलं, पण समाधान झालं नाही, त्याचंही आणि माझंही. हे प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. त्यांची उत्तरं प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत. ती सापडतात या पदवीच्या इतिहासात, आणि महाराष्ट्रात तो इतिहास सुरू होतो पुण्यात. शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना घुमटाची जुनी इमारत दिसते ना, तेच हे कृषी महाविद्यालय. जुनी माणसं अजूनही त्याला शेतकी कॉलेजच म्हणतात.

सुरुवात झाली ती इंजिनिअरिंगच्या कॉलेजात

१८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचा उठाव तो हाच. पाठोपाठ १८७६ ते ७८ असा भयंकर दुष्काळ पडला. सरकार हादरलं. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले. हे कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आजचं सीओईपी. म्हणजे आपल्याकडचं शेतीचं शिक्षण जन्माला आलं ते रस्ते-पूल बांधायला शिकवणाऱ्या कॉलेजात, पाहुण्यासारखं.

पुढच्याच वर्षी, १८८० साली, दुष्काळ आयोगाने प्रांताप्रांतात शेती खातं असावं अशी शिफारस केली. खातं आलं की माणसं लागतात आणि माणसं लागली की त्यांना शिकवावं लागतं. पण या वर्गांत येणाऱ्या बहुतेक मुलांची नजर शेताकडे नव्हती, सरकारी नोकरीकडे होती, त्यातही महसूल खात्याकडे. जमिनीची प्रत, पिकं, आणेवारी समजणारा कारकून किंवा मामलेदार सरकारलाही हवाच होता. "शेतकी शिकतात आणि नोकरी करतात" ही आजची तक्रार इतकी जुनी आहे.

त्याच काळात, १८८३ साली, पुण्यातच जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. शेतकऱ्याच्या दैन्याचं मूळ त्याच्या अविद्येत आहे, आणि शेतकऱ्याने भरलेल्या पैशावर शिकून पुढे जातात ती दुसऱ्यांची मुलं, हे त्यांनी तळमळून मांडलं. पंचाऐंशी वर्षांनी राज्याच्या पहिल्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव दिलं गेलं. तो योग मला फार मोलाचा वाटतो.

"शेती बाप शिकवतो, पुस्तक काय शिकवणार?"

हा आक्षेप सगळ्यात आधी घेतो, कारण तो खोटा नाही. १८८९ साली डॉ. व्होल्कर नावाचे इंग्लंडचे शेती-रसायनतज्ज्ञ भारतात पाठवले गेले. इथल्या शेतीत सुधारणा कशा करायच्या हे त्यांनी सांगायचं होतं. ते देशभर फिरले आणि १८९३च्या अहवालात त्यांनी नोंदवलं की इथला चांगला शेतकरी इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत तर सरसच. कमी पडतात ती साधनं आणि सोयी.

मग कॉलेजने शिकवायचं काय? एक उदाहरण घेऊ. तुमच्या वावरात बांधाच्या खालच्या अंगाला गाळाची, ओल धरणारी जमीन आहे आणि वरच्या अंगाला मुरमाड. दुकानदाराने नवं बियाणं दिलं. तुम्ही ते खालच्या अंगाला पेरलं आणि जुनं वरच्या. नव्याला उतारा जास्त आला. तो बियाण्यामुळे आला की जमिनीमुळे? बापजाद्यांचा कितीही अनुभव असला तरी एका हंगामात, एकाच वावरात याचा उलगडा होत नाही.

कृषी महाविद्यालयात याचा उलगडा करण्याची रीत शिकवतात. शेताचे लहान लहान वाफे पाडायचे. नवं-जुनं बियाणं कुठल्या वाफ्यात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीला वाव राहत नाही. आणि तीच जोडी खालच्या अंगाला, मधे, वरच्या अंगाला अशी पुन्हा पुन्हा लावायची. याला पुनरावृत्ती म्हणतात. कबड्डीत मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, म्हणजे मैदानाच्या चढ-उताराचा फायदा एकालाच मिळत नाही, तसंच हे. मग सगळ्या वाफ्यांचं उत्पन्न मोजून फरक खरा की योगायोगाचा हे गणिताने तपासायचं.

अनुभव एका शेताचं खरं सांगतो. चार तालुक्यांतल्या, चार तऱ्हेच्या जमिनींवर काय चालेल हे सांगायला ही रीत लागते. आज ज्या मालदांडीची भाकरी सगळ्यांना गोड लागते, तिचा एम ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढलेला आहे. मूळ बियाणं शेतकऱ्याचं होतं, त्यातलं उत्तम कुठलं हे पारखण्याची पद्धत केंद्राची. बापाचं ज्ञान आणि कॉलेजचं ज्ञान एकत्र आलं की काय होतं याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

पाहुणा स्वतःच्या घरात राहायला गेला

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबई विद्यापीठाने शेतीची पदविका दिली, पुढे एल.एजी. म्हणजे लायसन्शिएट इन अ‍ॅग्रिकल्चर आलं आणि मग बी.एजी. ही पूर्ण पदवी. १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे देशाची शेती संशोधन संस्था उभी राहिली, हेन्री फिप्स या अमेरिकन दात्याने दिलेल्या ३०,००० पौंडांच्या देणगीतून. त्याच लाटेत पुढच्या दोन-चार वर्षांत पुणे, नागपूर, कानपूर, कोइमतूर, सबौर, लायलपूर इथे प्रांतिक शेतकी कॉलेजं आली. पुण्याचे शेतीचे वर्ग सायन्स कॉलेजातून बाहेर पडून १९०७-०८च्या सुमारास स्वतंत्र कॉलेज झाले.

पहिले प्राचार्य होते डॉ. हॅरॉल्ड मॅन. मूळचे रसायनतज्ज्ञ, आसामच्या चहावर काम करून आलेले. त्यांच्याविषयी थोडं जास्त लिहितो, कारण कृषी पदवीला एक महत्त्वाचं वळण त्यांनी लावलं. प्रयोगशाळेत माती तपासत बसण्यापेक्षा त्यांनी विद्यार्थी आणि सहकारी बरोबर घेतले आणि पुण्याजवळचं एक गाव घरन् घर तपासलं. कोणाकडे किती जमीन, किती तुकडे, किती कर्ज, खायला पुरतं का. ते गाव होतं पिंपळे सौदागर. आज तिथे सोसायट्यांचे मनोरे आहेत. पण १९१७ साली छापून आलेल्या त्या अभ्यासाने दाखवलं की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, आणि १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती.

हा आकडा नीट लक्षात घ्या. सात एकर, तीही सलग नाही, इकडे एक पट्टा आणि तिकडे एक. अशा शेतकऱ्याला लोखंडी नांगर किंवा रासायनिक खताचा सल्ला देऊन काय उपयोग, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. शेती शिकवायची तर शेतकऱ्याचं घर, कर्ज आणि बाजारही शिकवावा लागेल, हे पुण्याच्या कॉलेजने त्या काळी ओळखलं. आजच्या अभ्यासक्रमात मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र यांच्या रांगेत कृषी अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण हे विषय बसतात, त्याची मुळं इथपर्यंत जातात.

कॉलेजच्याच जोडीला गणेशखिंडीची बाग होती. ही वनस्पती उद्यानाची जागा १८७३ पासूनची. तिथे फळबागतज्ज्ञ डॉ. चिमा यांनी निवड पद्धतीने जे काम केलं ते आजही बाजारात विकलं जातं. सरदार पेरू १९२७ साली इथेच निवडला गेला. आळंदीच्या डाळिंबातून १९३६च्या सुमारास निवडलेलं झाड पुढे 'गणेश' नावाने महाराष्ट्रभर गेलं, आणि सांगोला, नाशिक, नगरच्या दुष्काळी पट्ट्यात त्याने घरं उभी केली. त्याचं आधीचं नाव जीबीजी-१, म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डन, नंबर एक.

एकाच इमारतीला तीन विद्यापीठं

लोकांचा मोठा गोंधळ असतो तो पदवीच्या नावाचा. आजोबा बी.एजी., काका बी.एस्सी. (अ‍ॅग्री), आणि पुतणी बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी. हे तीन वेगळे शिक्षणक्रम आहेत का?

शिक्षणाची मुख्य वाट एकच आहे, मालक बदलत गेले. आधी कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं, तेव्हा ते तिकडे आलं. आणि १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा तिकडे गेलं. या विद्यापीठाचा कारभारही सुरुवातीला याच पुण्याच्या कॉलेजातून चालला, मग मुख्यालय राहुरीला गेलं. दोन विद्यापीठांत शेतकी कॉलेज हे अनेकांतलं एक होतं, जसं कला किंवा वाणिज्य. तिसऱ्यात ते घरचं झालं.

वेगळं कृषी विद्यापीठ हवं ही कल्पना अमेरिकेतून आली. तिथे १८६२ साली कायदा करून प्रत्येक राज्याला सरकारी जमीन दिली गेली, त्या जमिनीच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठं उभी राहिली. भारतात त्या धर्तीवरचं पहिलं विद्यापीठ १९६० साली पंतनगरला झालं. त्याचं मर्म समजायला आपली तीन दगडांची चूल डोळ्यांपुढे आणा. एक दगड शिक्षण, दुसरा संशोधन, तिसरा विस्तार. विस्तार म्हणजे शोधलेलं शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणं आणि शेतकऱ्याची अडचण परत आणणं. एक दगड काढा, भांडं कलंडतं. जुन्या पद्धतीत शिक्षण विद्यापीठाकडे, संशोधन आणि विस्तार सरकारी खात्याकडे अशी फाळणी होती. १९६८ नंतर शिक्षण आणि संशोधन एका छताखाली आलं. विस्ताराचा मोठा भाग मात्र राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला, आणि तो दगड अजूनही जरा हलतो असं माझं प्रामाणिक मत आहे. विद्यापीठाची शिफारस आणि गावातल्या कृषी सहायकाचा सल्ला यांत कधी कधी दोन-दोन हंगामांचं अंतर पडतं.

एका विद्यापीठाने राज्य भागलं नाही. विदर्भाच्या विद्यापीठासाठी अकोल्यात आंदोलन पेटलं, त्यात गोळीबार झाला, माणसं गेली. १९६९ साली अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं विद्यापीठ झालं. मग १८ मे १९७२ या एकाच दिवशी परभणी आणि दापोली. शिक्षणसंस्थेसाठी रस्त्यावर उतरून लोकांनी जीव दिला हे आज प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

या चारांची ओळख तुम्हाला बियाण्याच्या पिशवीवरही पटेल. नावात 'फुले' असेल तर राहुरी, जसा फुले २६५ हा ऊस. 'पीडीकेव्ही', म्हणजे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, असेल तर अकोला. 'परभणी क्रांती' ही भेंडी परभणीची. आणि हापूस आणि नीलम यांच्या संकरातून आलेला 'रत्ना' आंबा कोकणातला, दापोलीच्या विद्यापीठाचा.

यूजीसीचं नाव का दिसत नाही?

बऱ्याच पालकांना शंका येते की कृषी विद्यापीठाच्या कागदांवर यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, याऐवजी आयसीएआर का असतं, काही काळंबेरं तर नाही? अजिबात नाही. राज्यघटनेत शेती हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यसूचीच्या १४व्या नोंदीत शेती शिक्षण व संशोधनही त्यातच धरलं आहे. म्हणून कृषी विद्यापीठं राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने चालतात, आपल्याकडे १९८३च्या कायद्याने. आयसीएआर, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषद, १९२९ सालची. ती अभ्यासक्रमाचा आराखडा आणि दर्जाची कसोटी ठरवते. घर राज्याचं आणि नकाशा आयसीएआरचा, असं समजा.

पशुवैद्यक आणि मत्स्य हे विषयही एकेकाळी कृषी विद्यापीठांतच होते. २००० साली त्यांचं नागपूरला वेगळं विद्यापीठ झालं.

आज चार वर्षांत नेमकं काय शिकवतात?

वार्षिक परीक्षा कधीच गेली. आता आठ सत्रं असतात, प्रत्येक विषयाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात. वेळापत्रकात ३ (२+१) असं दिसलं की घाबरू नका. आठवड्याला दोन तास वर्गातलं शिक्षण आणि एक प्रात्यक्षिक, जे दोन तासांचं असतं, इतकाच त्याचा अर्थ. आणि हे प्रात्यक्षिक बऱ्याचदा सकाळी सातला, चिखलात. विद्यार्थ्यांना वाफा वाटून दिला जातो. नांगरटीपासून काढणीपर्यंत तो त्यांचा. त्यात पीक नीट आलं नाही तर ते वहीत लपवता येत नाही.

शेवटच्या वर्षात येतं 'रावे', ग्रामीण कृषी कार्यानुभव. एक सत्रभर मुलांनी गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचं. त्या मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. पेपरात 'कृषिकन्यांनी दाखवले प्रात्यक्षिक' अशी बातमी वाचली असेल, ती यांचीच.

माझ्या रावेतला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. मृग तोंडावर आला होता. ज्यांच्याकडे मी होतो त्या आजींनी मागच्या हंगामातलं सोयाबीन बियाण्याला ठेवलं होतं. मी ओलं गोणपाट अंथरलं आणि पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठ मूठ घेऊन त्यातले शंभर दाणे मोजले, निवडून नाही, हाताला येतील तसे. दहा-दहाच्या दहा ओळी लावल्या, बोटाच्या पेराइतकं अंतर ठेवून. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकलं, गुंडाळी केली आणि माजघरात सावलीला ठेवली. आजी रोज तिच्यावर पाणी शिंपडायच्या. सातव्या दिवशी आम्ही गुंडाळी उलगडली. धडधाकट कोंब मोजले, ते ६४ भरले.

सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. तेवढी असली तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्यापेक्षा एकेक टक्का कमी झाला की अर्धा किलो वाढवायचं, ६० टक्क्यांपर्यंत. म्हणजे आजींना ३३ किलो पेरायला हवं होतं. आजी म्हणाल्या, "म्हणजे तीन किलोसाठी आख्खं रान विरळ झालं असतं." वर्गात याला 'जर्मिनेशन पर्सेंटेज' म्हणतात आणि त्याच्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो. आजींच्या माजघरात तो एका हंगामाचा प्रश्न होता.

भाषेची अडचण मला तिथेच कळली. पदवीचा अभ्यास इंग्रजीतून होतो. वर्गात किडी-रोगांची लॅटिन नावं पाठ होतात, आणि गावात लोक विचारतात ते मावा, तुडतुडे, खोडमाशी, हुमणी, करपा, तांबेरा या नावांनी. दोन्ही नावं एकाच किडीची किंवा एकाच रोगाची आहेत हे जुळवता आलं तरच सल्ला देता येतो. हे जुळवणं कुठल्याही विषयाच्या पुस्तकात शिकवत नाहीत. रावेतच ते शिकून होतं, आणि म्हणूनच जे विद्यार्थी गावात न राहता फक्त वह्या भरून देतात त्यांचं फार मोठं नुकसान होतं.

एका वर्षात सर्टिफिकेट, ही काय भानगड?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आयसीएआरच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीने, नवा आराखडा दिला आणि २०२४-२५ पासून तो येऊ लागला. पूर्वीची पदवी म्हणजे विनाथांबा एसटी होती. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलात तरच तिकीट खरं, मधे उतरलात तर हातात काहीच नाही. वडील वारले, पैसे संपले, घरी माणूस नाही म्हणून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन वर्षं शिकूनही कागदावर ती बारावी पासच राहिली.

आता टप्पे आले. पहिल्या वर्षानंतर, काही आठवड्यांचं प्रत्यक्ष काम पुरं करून, प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. दुसऱ्या वर्षानंतर पदविका. परिस्थिती सुधारली की पुन्हा गाडीत बसता येतं. पदवी मात्र चार वर्षांचीच आहे, ती आखूड झालेली नाही. कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेला, पदव्युत्तर शिक्षणाला चार वर्षांचीच पदवी लागते. दहावीनंतरची मराठी माध्यमातली कृषी पदविका हा आणखी वेगळा रस्ता आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

"शिकलेले सगळे एमपीएससीलाच जातात"

बरेच जातात, हे खरं. १८७९ पासून जात आले आहेत. पण याच्याकडे निव्वळ तक्रार म्हणून पाहणं मला पटत नाही. कृषी पदवीधर बँकेत बसला की पीककर्जाच्या प्रकरणात त्याला पिकाचा हंगाम कळतो. तहसीलदार झाला की पंचनाम्याला गेल्यावर त्याला पाण्याने पिवळं पडलेलं आणि रोगाने पिवळं पडलेलं पीक वेगळं ओळखता येतं.

शिवाय गावातला रस्ताही आता उघडा आहे. २००२ पासून केंद्राची कृषी चिकित्सालय योजना आहे, तिच्यात कृषी पदवीधरांना प्रशिक्षण आणि कर्जावर अनुदान मिळतं. माती-पाणी तपासणी, रोपवाटिका, औजारं भाड्याने देणं असे व्यवसाय त्यातून उभे राहतात. कीटकनाशकांच्या दुकानासाठीही आता संबंधित शिक्षण सक्तीचं झालं आहे. फवारणीच्या विषबाधेत जीव गमावलेल्यांची घरं यवतमाळमध्ये ज्यांनी पाहिली, त्यांना ही सक्ती का हवी होती ते सांगावं लागत नाही.

शहराच्या मध्यात एवढी जमीन कशाला?

हा प्रश्न पुण्यात दर काही वर्षांनी येतो. मेट्रोचा रेंज हिल डेपो कॉलेजच्याच जमिनीवर झाला आहे. शहराला वाहतूक हवी हे मला मान्य आहे. पण ही जमीन रिकामी पडलेली आहे, ती उचलून दुसरीकडे कुठेही देता येईल, असं जे बोललं जातं ते चूक आहे.

डॉक्टरकीच्या कॉलेजला दवाखाना लागतो, पेशंट लागतात. कृषी महाविद्यालयाचं प्रक्षेत्र, म्हणजे त्याचं स्वतःचं शेत, हा त्याचा दवाखाना आहे. एखाद्या वाफ्यात वर्षानुवर्षं कुठलं पीक होतं, कुठलं खत पडलं याची नोंद असते आणि त्या नोंदीमुळेच तिथला प्रयोग विश्वासाचा ठरतो. नव्या जागेवर ती शून्यापासून सुरू होते. आणखी एक गोष्ट फार थोड्या पुणेकरांना माहीत आहे. हवामान खात्याने १९३२ साली पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू केला, आणि त्याची वेधशाळा याच कॉलेजच्या जमिनीवर आहे. पिकाच्या उंचीवर तापमान किती, मातीत चार बोटं खाली किती, दव किती पडलं, याचं मोजमाप तिथे होतं. शेजारी सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या की वारा अडतो, रात्रीची हवा गरम राहते, आणि पूर्वीच्या नोंदींशी नव्या नोंदी जुळेनाशा होतात.

मग पुतणीला काय सांगितलं

चुलतभावाला दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं आणि कॉलेज निवडताना विचारायच्या गोष्टीही सांगितल्या. कॉलेज विद्यापीठाचं स्वतःचं आहे की खासगी विनाअनुदानित? आयसीएआरची अधिस्वीकृती आहे का आणि तिची मुदत कधीपर्यंत? पुढे देशपातळीवर एम.एस्सी.ला जायचं तर ही अधिस्वीकृती आडवी येऊ शकते. शिकवणारे कायम आहेत की तासिकेवर? रावेला मुलांना खरंच गावात ठेवतात का? घरचा सातबारा आहे, त्याचे जादा गुण अनेक वर्षं मिळत आले आहेत, तर यंदाचा नियम सीईटी कक्षाच्या पुस्तिकेत वाचून दाखला वेळेत काढून ठेव.

तो म्हणाला, "आणि कॉलेज बघायला गेल्यावर आधी काय बघू? लायब्ररी?"

"आधी शेत बघ," म्हटलं. "विहिरीला पाणी आहे का, वाफ्यांना पाट्या लावल्यात का, आणि पाटीवर पेरणीची तारीख लिहिली आहे का, एवढं बघून ये."